पाण्याविना तीन डुकरं गेली आणि गावानं ‘साथ आली’ म्हणून रान उठवलं

येरळाकाठ (ता. खटाव) | २२ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथं नुसता वाचत आलोय. लिहायची वेळ आज आली, ती अशी.

माझ्याकडं यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या ९ माद्या, १ नर आणि लहानमोठी मिळून ४० एक जनावरं आहेत. जोडीला दोन म्हशी, दीड एकर ऊस आणि बाकी बाजरीचं रान. गेल्या शुक्रवारी बोअरची मोटर जळाली. टँकरवाला म्हणाला, उद्या सकाळी टाकतो. शनिवारी साडूच्या पोरीचं लग्न कराडला, आम्ही सगळी तिकडं. कामावरच्या पोराला सांगून गेलो, टँकर आला की हौद भरून घे.

टँकर आला रविवारी संध्याकाळी. मधल्या दोन दिवसांत पोरानं खाणं मात्र इमानदारीनं दोन्ही वेळा घातलं: हायवेवरच्या दोन हॉटेलांचं उरलंसुरलं उकळून, त्यात भरडा. घरात होतं तेवढं पाणी म्हशींना गेलं. त्याचा दोष नाही, माझाच आहे. म्हैस हंबरली की माणूस उठतो. डुकरं बारा महिने ओरडतात, म्हणून ती तहानेनं ओरडतायत हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

हौद भरला तशी सगळी तुटून पडली. आम्हाला वाटलं, सुटलो. रात्री अकराला बॅटरी घेऊन चक्कर मारली तर चार महिन्यांचं एक जनावर भिंतीला डोकं लावून उभं. हाक मारली तरी ढिम्म. डोळ्यावर उजेड धरला, पापणी हलेना. मग नाकाचा शेंडा थरथरायला लागला, कुत्र्यासारखं ढुंगणावर बसलं, मान मागं मागं खेचत गेली आणि आडवं पडून चारी पाय सायकल मारल्यासारखे झाडायला लागलं. मिनिटभरानं थांबलं, उठलं. सहा-सात मिनिटांनी परत तेच, परत नाकापासून सुरुवात. घड्याळ लावून बघितलं मी. पहाटेपर्यंत अशी सहा झाली. त्यातली तीन गेली.

सकाळी कुणीतरी जाळीतून व्हिडिओ काढला. नऊ वाजायच्या आत तालुक्यातल्या निम्म्या ग्रुपवर: ‘आफ्रिकन स्वाइन फिव्हर आला, मटण-चिकन बंद करा.’ चिकनचा काय संबंध ते लिहिणाऱ्यालाच माहीत. दुपारपर्यंत हॉटेलवाल्यांनी फोन उचलायचं बंद केलं, आणि शेजारच्या बांधावरून निरोप आला की तुझं ते लफडं गावाबाहेर ने.

१९६२ ला (जनावरांच्या दवाखान्याचा सरकारी नंबर) फोन लावला होता, डॉक्टर आले. उरलेल्या सगळ्यांचा ताप बघितला, १०२ च्या आसपास, म्हणजे डुकराचा नेहमीचाच. शवविच्छेदन केलं, नमुने औंधच्या प्रयोगशाळेत पाठवले. (औंध म्हणजे पुण्याचं. आमच्या आईनं यमाईचं औंध समजून हात जोडले.) डॉक्टरांचा अंदाज मिठाच्या विषबाधेचा आहे. पण मीठ तर मी रोजच्यासारखंच घातलं होतं! कुणाकडं असं झालंय का? तीन अजून भेलकांडत चालतायत, ती वाचतील का?


दंडोबा_पायथा (मिरज) | २२ मे, रात्री १०.५०

वाईट वाटलं दादा. मेलेली पुरली ना नीट? खोल खड्डा, वर चुना. उघड्यावर टाकली तर कुत्री उकरतात, मग गावाला बोलायला अजून एक विषय.


येरळाकाठ | २२ मे, रात्री ११.०५

पुरली. डॉक्टर समोर उभे होते.


निवृत्त_पशुवैद्य | २३ मे, सकाळी ६.३०

तुमच्या डॉक्टरांचा अंदाज मला बरोबर वाटतो. नावात मीठ आहे म्हणून लोक मिठाच्या पोत्याकडे बघतात आणि फसतात. भरपूर पाणी असेल तर डूक्कर बऱ्यापैकी खारट खाणंही पचवतं. पाणी तुटलं तर मात्र नेहमीच्या खुराकातलं मीठही त्याला पुरून उरतं. रक्तात सोडियम वाढत जातं, ते मेंदूतही साठतं. मग एकदम पोटभर पाणी मिळालं की ते पाणी मेंदूकडे खेचलं जातं, मेंदू सुजतो, आणि कवटीत सुजायला जागा कुठे आहे? म्हणून झटके तहानेच्या दिवसांत न येता हौद भरल्यावर आले.

तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलं आहे की मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं असतं. नाकापासून सुरुवात, कुत्र्यासारखं बसणं, ठरावीक अंतरानं झटका, दिसेनासं होणं, आणि ताप नाही. ताप नसणं ही मोठी खूण. आफ्रिकन स्वाइन फिव्हरमध्ये पारा साधारण १०५ च्या पुढे जातो, खाणं सुटतं, कान-पोट-पाय लालनिळे पडतात, गाभण माद्या गाभ टाकतात.

राहिलेल्या तिघांना अंधारात, शांत ठेवा. पाणी थोडं थोडं, तासातासानं. भांडं भरून समोर ठेवू नका. यावर हमखास औषध असं नाही. झटके थांबलेलं जनावर दोन-चार दिवसांत खायला लागलं तर वाचलं म्हणा.

आता गावासाठी. तीन नावांची लोक भेळ करतात. स्वाइन फ्लू हा माणसांतला श्वसनाचा आजार. २००९ मध्ये पुण्यानं तो भोगला, आणि नीट शिजवलेलं मांस खाऊन तो होत नाही. स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जुना रोग, त्याला लस आहे, दोन महिन्यांच्या पिल्लाला टोचायची. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा तिसराच विषाणू. भारतात तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. त्याची लस आपल्याकडे नाही, पण तो माणसाला होत नाही. एकालाही नाही.

आणि एक कडक सूचना. अहवाल येईपर्यंत एकही जनावर गोठ्याबाहेर जाता कामा नये. विकायचं नाही, नर कुणाकडे न्यायचा नाही. साथ निघालीच तर १ किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं नष्ट करावी लागतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी होते. अंदाज कितीही पक्का असला तरी तो अंदाज आहे.


ऊसवाला_वाळवा | २३ मे, सकाळी ९.१०

राग मानू नका, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे. माझ्या रानाला लागून एकाचं शेड आहे. पश्चिमेचा वारा सुटला की संध्याकाळी अंगणात जेवता येत नाही. माश्या तर इतक्या की चहाच्या कपावर बशी ठेवावी लागते. बांधाला मोकळं सोडलेलं सांडपाणी माझ्या सरीत येतं. तक्रार केली की ‘तुम्ही शेतकऱ्याच्या पोटावर पाय देताय’. गावानं रान उठवलं ते नुसत्या व्हिडिओमुळं असेल असं वाटत नाही.


कृष्णाकाठची (पलूस) | २३ मे, दुपारी २.२५

ऊसवाले दादा, तुमचं खरं आहे आणि शेडवाल्याला ते ऐकून घ्यायलाच लागेल. वास डुकराचा नसतो, साठलेल्या घाणीचा असतो. डूक्कर जागा दिली तर एका कोपऱ्यातच घाण करतं; खाण्याच्या आणि झोपायच्या जागी करत नाही. आमच्याकडं तो कोपरा उताराला ठेवलाय, रोज दोन वेळा खरडून बायोगॅसच्या टाकीत. शेगडी त्यावर चालते. सासूबाईंनी पहिले सहा महिने त्या शेगडीवर देवाचा नैवेद्य केला नाही. आता पुरणही त्यावरच शिजतं.

वासापेक्षा जास्त माणसांचं बोलणं सहन करावं लागतं. वराह हा विष्णूचा अवतार, हे कीर्तनात माना डोलवून ऐकतील आणि आमच्या घरी आले की चहा नको म्हणतील. दिराचं लग्न जमवताना मध्यस्थानं सांगितलं, पत्रिकेबरोबर ‘दुग्धव्यवसाय’ लिहा. लिहिलं. दोन म्हशी होत्या, खोटं नव्हतं.

२०१९ च्या पुरात पाणी अंगणात आलं तेव्हा १४ जनावरं ट्रॉलीत घातली. निवाऱ्याच्या जागी म्हशींना दावण मिळाली. डुकरं म्हटल्यावर फाटक लावून घेतलं. शेवटी ओळखीच्या एका धनगर कुटुंबानं माळावर जागा दिली. नऊ दिवस तिथं. २०२१ ला पाणी वाढायच्या आधीच नेली.

येरळाकाठ, एक विचारते. तुमच्या माद्यांत गाभण किती? तहानेचा फटका त्यांनाही बसला असणार.


येरळाकाठ | २३ मे, रात्री ९.००

ताई, चार गाभण. एकीचे दिवस भरत आलेत, १०४ वा चालू आहे. ती बरी दिसतीय, खातीय.

डॉक्टरसाहेब, तीनपैकी दोन आज भरड्याला तोंड लावतायत. तिसरं आंधळं झाल्यासारखं गव्हाणीला धडकतंय. पाणी तांब्या-तांब्यानं देतोय, रात्रीचा गजर लावून.

आणि दुपारी व्यापारी आला होता. नेहमीचा नव्हे, नवीनच. म्हणतो, साथीचा माल आहे, कोण घेणार, सगळी उक्ती देऊन टाक, मी उचलतो. एकेकाकडं बोट दाखवून ‘हे पन्नास, हे पंचावन्न’ किलो म्हणत गेला. मी हो म्हणायच्या बेतात होतो, खोटं कशाला बोलू. सकाळचा साहेबांचा प्रतिसाद वाचला होता म्हणून थांबलो.


जत_पूर्व | २३ मे, रात्री १०.४०

भावा, उक्तं देऊ नको. कधीच नको. साथ असली तरी नको, नसली तरी नको.

काटा नसंल तर टेप घे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि दोन कानांच्या मधनं शेपटीच्या बुडापातूर लांबी. दोन्ही मीटरमधी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आलेल्या आकड्याला ६९.३ नं गुण. किलो येतंय. जनावर सरळ उभं पायजे, खाली मान घालून खात असताना मापलं तर लांबी जास्त येती. चार-पाच किलो इकडं तिकडं हुतंय, पर व्यापाऱ्याच्या डोळ्यापरीस टेप परवडला.

अन् हॉटेलचं खाणं बंद झालं म्हणून रडू नको. मी दुष्काळी माणूस, मला माहीत हाय फुकट मिळालं की किती बरं वाटतं ते. ह्या धंद्यात शंभरातलं सत्तर-पंच्याहत्तर रुपयं खाण्यात जात्यात, म्हणूनच हॉटेल गोड लागतंय. पर त्या बादलीत काय येतंय बघितलंय का? लोणच्याचा खार, पापड, चायनीजचा सॉस, टूथपिक. एका गोठ्यात टूथपिक आतड्यात घुसून मादी गेलेली बघितलीय मी. मी मका, सोयापेंड, गव्हाचा भुसा, मिनरल मिक्श्चर असं घरीच दळतो. मीठ शंभर किलोला अर्धा किलो, त्याच्या वर नाय. मका मातूर हुंगून घ्यायचा. बुरशीचा वास आला की कितीबी स्वस्त असू दे, परत.


नवखा_शेतकरी | २४ मे, सकाळी ८.०५

विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व. मी कोरेगावजवळ १०० माद्यांचा प्रकल्प करायचा विचार करतोय. राष्ट्रीय पशुधन अभियानातून ५० टक्के अनुदान, कमाल ३० लाख, असं वाचलं. नोकरी सोडून पूर्ण वेळ करावं का? यूट्यूबवर एका मादीपासून वर्षाला २० पिल्लं असा हिशेब दाखवतात.


जत_पूर्व | २४ मे, सकाळी ८.३०

आधी ४ माद्या पाळ. एक उन्हाळा काढ. मग बोलू.


कृष्णाकाठची | २४ मे, दुपारी १.५०

जतकरांनी चार शब्दांत संपवलं, मी जरा सविस्तर सांगते. योजना खरी आहे. पण अनुदान दोन हप्त्यांत येतं. आधी बँक किंवा तुमचा खिसा. शेड, पाणी, पहिल्या वर्षीचं खाणं हे सगळं त्याच्या आधी उभं राहायला पाहिजे.

आता ती २० पिल्लं. गाभण काळ ११४ दिवस. आमच्याकडं ‘तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस’ असं पाठ करून ठेवलंय. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी तोडायची, मग मादी परत माजावर. म्हणजे वर्षाला दोन वेतं नीट धरा. एका वेताला दहा झाली तरी हातात किती राहतात, ते पहिल्या तीन दिवसांवर.

माझ्या पहिल्या मादीला ११ झाली होती. सकाळी मोजली तर ८. तीन तिच्याच अंगाखाली. दीडशे-दोनशे किलोची आई थकून धपकन अंग टाकते, आणि सव्वा किलोचं पिल्लू ऊब शोधत तिच्याच कुशीत शिरलेलं असतं. तिला कळतसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, आईच वैरीण. वैरीण कसली, भिंतीला पाइप नव्हता. जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर आडवा पाइप मारला की पिल्लाला सटकायला फट राहते. आणि कोपऱ्यात बल्बची पेटी: तिथं ऊब मिळाली की ती आईखाली जात नाहीत. एवढंच. त्यानंतर वेताला फार तर एखादं जातं.

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन विसरू नका. रानात डूक्कर माती उकरून लोह मिळवतं. आपण त्याच्याखाली कोबा केलाय, आणि आईच्या दुधात लोह नावाला असतं. इंजेक्शन चुकलं की तीन आठवड्यांनी पिल्लं पांढरीफटक, धापा टाकणारी.

नोकरीचं तुम्ही ठरवा. मी सोडायला सांगणार नाही.


डोंगरमाथा_पाटण | २५ मे, रात्री ८.४५

आमच्याकडं उलटाच त्रास. रानडुकरं मक्यात घुसतात ते आहेच, पण माजावरच्या मादीच्या वासानं रानटी नर थेट शेडपर्यंत येतो. मागच्या थंडीत जाळी वाकवून गेला. डॉक्टर म्हणाले, पिकाचं नुकसान परवडलं, पण रानडूक्कर रोग आणू शकतं, त्यात आफ्रिकनही आलं. आता दुहेरी जाळी, मध्ये दोन हात जागा. दाराशी चुन्याचा थर आणि शेडात घालायची चप्पल वेगळी. पाहुण्यांना वाटतं आम्ही सोवळं पाळतोय.


ऊसवाला_वाळवा | २६ मे, सकाळी ७.२०

ताईंचा तो बायोगॅसवाला प्रतिसाद शेजाऱ्याला दाखवला. बघतो म्हणाला. बघू.


येरळाकाठ | ३१ मे, दुपारी ४.३०

अहवाल आला. आफ्रिकन निगेटिव्ह, साधा स्वाइन फिव्हरही निगेटिव्ह. मेंदूच्या तपासणीत मीठ-विषबाधेच्याच खुणा. मी तो कागद पिशवीत घालून आधी ग्रामपंचायतीत गेलो, मग ज्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला होता त्या ग्रुपवर फोटो टाकला. चारशे माणसांच्या ग्रुपवर तीन अंगठे. व्हिडिओला किती हसरे-रडके चेहरे आले होते ते मोजायला गेलो नाही.

आंधळं झालेलं चौथ्या दिवशी गेलं. म्हणजे एकूण चार. बाकी दोन खातायत. एक मान थोडी वाकडी धरून चालतंय.

जतकर, टेप घेतला. व्यापारी ज्याला ‘पंचावन्न’ म्हणाला होता त्याचा घेर १ मीटर, लांबी १.१०. हिशेबानं ७६ किलो. विश्वास बसेना म्हणून भुसार दुकानातला काटा आणला, चौघांनी धरून चढवलं. ७४.

मोटर नवीन बसवली. हौदाच्या वर पाचशे लिटरची टाकी वेगळी ठेवलीय, फक्त डुकरांची, निप्पलला (डुकरं तोंडानं दाबून पाणी पितात ती तोटी) जोडून. एका निप्पलखाली तांब्या धरून बघितला तर भरायला मिनिटाच्या वर लागलं! आत गाळ बसला होता. म्हणजे मोटर जळायच्या आधीपासूनच त्या गाळ्यातली जनावरं अर्धी तहानलेली होती का काय, कोण जाणे. मेलेल्या चारांपैकी तीन त्याच गाळ्यातली.


निवृत्त_पशुवैद्य | ३१ मे, सायंकाळी ६.१५

हे शेवटचं वाक्य प्रत्येकानं आपल्या शेडात जाऊन तपासावं. पिल्लं पाजणाऱ्या मादीला दिवसाला २०-३० लिटर पाणी लागतं. मिनिटाला दीड-दोन लिटर पडत नसेल तर ती कंटाळून निघून जाते आणि दूध आटतं. मग लोक दूध वाढवायचं औषध मागत येतात.


येरळाकाठ | ३ जून, पहाटे ४.५०

आत्ता हात धुऊन बसलोय. ती १०४ दिवसांवाली रात्री व्यायली. काल संध्याकाळपासून गोणपाट तोंडात धरून कोपऱ्यात ओढत होती, सड दाबलं तर चीक आला, तेव्हाच बायकोला म्हटलं आज जागायचं. ११ झाली. शेवटचं झिल्लीत गुंडाळलेलं, हालचाल नाही. तोंड-नाक पुसलं, मागचे पाय धरून डोकं खाली केलं, गोणपाटानं चोळत राहिलो. म्हटलं गेलं हे. बायको म्हणाली, थांबा अजून. शिंकलं.

पाइप मारलेत, ताई. बल्बही. हॉटेलवाल्याचा काल फोन आला होता, बादल्या साठल्यात, कधी येताय. अजून उत्तर दिलं नाही.


जत_पूर्व | ३ जून, सकाळी ७.००

आनलंस तर आधी तू चाटून बघ, मग त्यास्नी घाल.


कृष्णाकाठची | ३ जून, सकाळी ७.४०

शिंकलेलं चीक प्यायलं का? ते आधी बघा. कमजोर पिल्लाला पुढच्या सडाला लावा, तिकडं दूध जास्त असतं.


येरळाकाठ | ३ जून, सकाळी ९.१०

प्यायलं. दोनदा उचलून पुढच्या सडाला लावलं, दोन्ही वेळा बाकीच्यांनी ढकलून दिलं. आता सगळ्यात मागच्या सडाला चिकटलंय, डोळे मिटून. तिथून काढलं की किंचाळतंय.